०.६६ ची खिडकी आणि तिची कड

डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठात, म्हणजे डीटीयूमध्ये, २००० नंतरच्या काही वर्षांत एक तावदान तयार झाले. लांबी-रुंदी प्रत्येकी सुमारे ५५ सेंटिमीटर. दोन काचा, त्यांच्यामध्ये साधारण १५ मिलिमीटर जाडीची सिलिका एरोजेलची (काचेच्याच पदार्थाच्या, जवळजवळ पोकळ सांगाड्याची) अखंड लादी, आतली बहुतेक हवा उपसून काढलेली आणि चारी कडा सीलबंद. मोजणीत त्याच्या मधल्या भागाचे यू-मूल्य (उष्णता किती निसटते तो आकडा; जितका कमी तितका चांगला) ०.७ च्या खाली, ०.६६ च्या आसपास आले. सूर्याची जवळपास ७६ टक्के ऊर्जा त्यातून आत येत होती. यॉर्गन शुल्ट्झ आणि कार्स्टन जेन्सन हे तिथले संशोधक, लादी बनवणारी स्वीडनमधली एअरग्लास ही छोटी कंपनी आणि इतर काही युरोपीय संस्था या कामात होत्या. पैसा युरोपीय संघाचा होता. हिलिट आणि हिलिट प्लस ही प्रकल्पांची नावे.

हे दोन आकडे एकत्र देणारे तावदान तेव्हा बाजारात नव्हते, आजही सहजासहजी मिळत नाही. ठरवलेले लक्ष्य प्रकल्पाने गाठले होते. तरीही घरांच्या खिडक्यांत ही काच बसली नाही. एरोजेलबद्दल लिहिताना लोक ‘गोठलेला धूर’ वगैरे म्हणतात आणि तिथेच थांबतात. म्हणून हे एक प्रकरण जरा सविस्तर पाहू.

लक्ष्य नेमके कशासाठी होते

यू-मूल्य म्हणजे आत-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना तावदानाच्या एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता निसटते, तो आकडा. एकेरी काचेसाठी तो ५.८ च्या आसपास असतो, साध्या दुहेरी काचेसाठी २.८. दुहेरी काचेत आर्गॉन वायू भरला आणि एका काचेवर उष्णतेचे प्रारण अडवणारा धातूचा अतिसूक्ष्म लेप दिला, की १.१ पर्यंत उतरता येते. तीन काचा, दोन लेप आणि दोन आर्गॉनच्या पोकळ्या असतील तर ०.५ ते ०.७.

म्हणजे नुसते ०.६६ हवे असेल तर एरोजेलची गरजच नव्हती. तिहेरी काच तिथे पोहोचली होती. ही गोष्ट एरोजेलच्या कौतुकात अनेकदा गाळली जाते. फरक होता उन्हाचा. लेप आणि जास्तीची काच मिळून सूर्याची बरीच ऊर्जा अडवतात किंवा परत फेकतात; तिहेरी काचेतून साधारण निम्मीच आत येते. थंड प्रदेशातल्या घराला हिवाळ्यात आत येणारे ऊनही हवे असते.

डेन्मार्कच्या इमारत नियमांत पुढे खिडकीचा ऊर्जा-ताळेबंद काढायचे एक सूत्र आले. सौर ऊर्जेच्या पारगमनाला (म्हणजे तिच्यातल्या आत येणाऱ्या वाट्याला) १९६.४ ने गुणायचे आणि त्यातून यू-मूल्य गुणिले ९०.३६ वजा करायचे. उत्तर येते ते संपूर्ण तापवण्याच्या हंगामात दर चौरस मीटरमागे किती किलोवॅट-तासांचा फायदा किंवा तोटा, हे. सूत्र चौकटीसकट संपूर्ण खिडकीसाठी आहे, पण तुलनेपुरते ते नुसत्या तावदानाला लावून पाहू. एरोजेलचे तावदान: १४९ मधून ६०, म्हणजे सुमारे ९० किलोवॅट-तासांचा फायदा. तिहेरी काच, यू-मूल्य ०.६ आणि पारगमन ०.५ धरून: ९८ मधून ५४, म्हणजे ४४. यू-मूल्य किंचित जास्त असूनही एरोजेल दुपटीने पुढे.

उत्तरेकडच्या खिडकीत तर खरी कसोटी. या सूत्रामागच्या हिशेबात उत्तरेच्या खिडकीवर हंगामभरात दर चौरस मीटरला १०४.५ किलोवॅट-तास सौर ऊर्जा पडते असे धरले आहे. सावली नसेल तर एरोजेलचे तावदान त्यातली ७९ आत घेते आणि ६० गमावते. उत्तरेकडे तोंड असलेली खिडकी डेन्मार्कच्या हिवाळ्यात घराला उष्णता देते, असा या वजाबाकीचा अर्थ. झाडे, शेजारची घरे यांच्या सावलीपोटी नेहमीची ३० टक्के कपात केली, की हिशेब बरोबरीच्या किंचित खाली येतो. तेवढेही तिहेरी काचेला जमत नाही.

लादीच्या आत काय चालते

सिलिका एरोजेल म्हणजे काच ज्या पदार्थाची बनते त्याच पदार्थाचा, पण जवळजवळ रिकामा सांगाडा. खिडकीसाठी वापरतात त्याची घनता दर घनमीटरला १०० ते १५० किलोच्या आसपास असते. भरीव सिलिकाची २२००. म्हणजे ९३ टक्क्यांहून जास्त जागा पोकळ. वरच्या तावदानातली सगळी लादी ७०० ग्रॅमपेक्षा फारशी जड भरणार नाही.

पोकळी नुसती जास्त असून भागत नाही, ती बारीक असावी लागते. साध्या दाबाला हवेचा रेणू दुसऱ्या रेणूवर आदळण्याआधी सरासरी ७० नॅनोमीटर प्रवास करतो. एरोजेलची बहुतेक छिद्रे त्याहून लहान, वीस-तीस नॅनोमीटरची. त्यामुळे रेणू एकमेकांवर आदळण्याआधी भिंतीवरच आदळतो आणि उष्णता पुढे सरकवण्याचे त्याचे काम अर्धवट राहते. स्थिर हवेची उष्णतावाहकता ०.०२५ वॅट प्रति मीटर केल्विनच्या जवळ. हवेने भरलेल्या चांगल्या एरोजेलची ०.०१३ ते ०.०२०. ज्यात हवा कोंडली आहे तो पदार्थ हवेपेक्षाही उष्णता कमी वाहून नेतो.

राहिले प्रारण. खोलीच्या तापमानाला भिंती आणि वस्तू ज्या अवरक्त किरणांत उष्णता सोडतात, त्यांची तरंगलांबी १० मायक्रोमीटरच्या आसपास असते आणि तिथे सिलिका चांगली शोषक आहे. दृश्य प्रकाश मात्र ती जाऊ देते. म्हणून धातूचा लेप न देताही प्रारण अडते आणि ऊन अडत नाही. (भट्टीच्या तापमानाला हे गणित बिघडते. तिथे किरणे ३ ते ८ मायक्रोमीटरकडे सरकतात आणि सिलिका त्यांतली बरीच सोडून देते. खिडकीला त्याची काळजी नाही.)

सच्छिद्र काचेचाही विचार इथे मनात येतो. बोरोसिलिकेट काच तापवून तिच्यातले घटक वेगळे होऊ द्यायचे, मग आम्लाने एक घटक विरघळवून काढायचा. कॉर्निंग कंपनीने १९३० च्या दशकात ही पद्धत बसवली आणि वायकॉर काच त्यातूनच आली. छिद्रे चार नॅनोमीटरची, म्हणजे एरोजेलपेक्षाही बारीक. पण पोकळ जागा फक्त २८ टक्के. उरलेल्या ७२ टक्के सांगाड्यातून उष्णता खुशाल वाहते. पडदे, गाळण्या, प्रयोगशाळेतली कामे यांसाठी ती उत्तम. खिडकीच्या पोकळीत भरायला निरुपयोगी.

लादी आली कुठून

एरोजेलचा शोध १९३१ चा. अमेरिकेत सॅम्युअल किसलर यांनी ओल्या जेलमधला द्रव, सांगाडा न कोसळवता काढून दाखवला. जेल उघड्यावर सुकवले तर छिद्रांतल्या द्रवाचा पृष्ठताण भिंती आत ओढतो आणि सगळे आक्रसून तडकते. द्रव त्याच्या क्रांतिक तापमान-दाबापलीकडे नेला की द्रव आणि वायू यांच्यातली सीमाच उरत नाही, पृष्ठताणही उरत नाही. मेथॅनॉलसाठी हे म्हणजे सुमारे २४० अंश सेल्सिअस आणि ८० वातावरणांचा दाब.

पारदर्शक लाद्यांना पहिला मोठा गिऱ्हाईक खिडक्यांनी दिला नाही, कणभौतिकीने दिला. चेरेन्कोव्ह शोधकांना (वेगवान कण त्यांच्या प्रकाशावरून ओळखणाऱ्या उपकरणांना) वायू आणि द्रव यांच्या मधला अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची क्षमता, हवा असतो आणि एरोजेल नेमके तिथे बसते. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या गटाने हॅम्बुर्गच्या डेसी संस्थेतल्या टासो शोधकासाठी १,७०० लिटर एरोजेल बनवले. मग त्याच गटातल्या लोकांनी श्योबो गावी कारखाना उभारला: ३,००० लिटरचे दाबपात्र, आत मेथॅनॉल. १९८४ मध्ये एका खेपेदरम्यान पात्र गळू लागले, खोलीत मेथॅनॉलची वाफ भरली आणि स्फोट झाला. जीवितहानी झाली नाही, इमारत मात्र पार उद्ध्वस्त झाली. कारखाना पुन्हा उभा राहिला, एअरग्लास कंपनी तो चालवू लागली आणि हिलिटच्या लाद्या अशा या वंशावळीतून आल्या.

स्फोटाची गोष्ट सनसनाटी आहे म्हणून सगळे सांगतात. माझ्या मते खिडकीच्या प्रकरणात ती दुय्यम आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत कॅलिफोर्नियातल्या बर्कली प्रयोगशाळेने मेथॅनॉलच्या जागी द्रव कार्बन डायऑक्साइड भरून फक्त ३१ अंशांच्या वर सुकवण्याची पद्धत दाखवली होती. आगीचा धोका त्याने मोठ्या प्रमाणात सुटतो. वेळेचा सुटत नाही. जेलच्या बारीक छिद्रांतून एक द्रव बाहेर आणि दुसरा आत जायचा तो विसरणाने, म्हणजे रेणूंच्या हळूहळू पसरण्याने, आणि विसरणाला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. पातळ लादीच्या दुप्पट जाड लादी केली तर अदलाबदलीला चौपट वेळ. घाई केली की तडा. काचेचा कारखाना अखंड पट्टीवर चालतो; इथे दाबपात्र भरायचे, थांबायचे, रिकामे करायचे. मोठ्या खिडकीसाठी दोन लाद्या शेजारी ठेवाव्यात तर सांध्याची रेघ प्रकाशात उठून दिसते.

हवा काढायची का?

हवा भरलेल्या १५ मिलिमीटर एरोजेलचे गणित असे: वाहकता ०.०१७ धरली तर लादीचा रोध (मीटरमधली जाडी भागिले वाहकता) ०.८८, त्यात दोन्ही बाजूंच्या हवेच्या थरांचा आणि काचांचा मिळून सुमारे ०.१८. बेरीज १.०६; एकला तिने भागले की यू-मूल्य ०.९४. चांगले आहे, पण तिहेरी काचेच्या मागे. दाब १ ते १० हेक्टोपास्कलवर, म्हणजे साध्या दाबाच्या शंभराव्या हिश्शावर किंवा त्याहून खाली, आणला की वाहकता ०.०१० च्या आसपास उतरते आणि यू-मूल्य ०.६ ते ०.७ मध्ये येते. म्हणजे लक्ष्य गाठायचे तर हवा काढणे भागच होते.

इथे एरोजेलचा एक मोठा फायदा आहे. नुसत्या निर्वात काचेत (दोन काचा, मध्ये केसाएवढी फट, फटीत बारीक खांब) दाब ०.१ पास्कलच्या खाली ठेवावा लागतो. एरोजेलला हजार पास्कलही चालतात, कारण छिद्रे इतकी लहान की तेवढ्या विरळ हवेतही रेणू एकमेकांना जवळजवळ भेटतच नाहीत. दहा हजार पट ढिली अट! शिवाय खांब नकोत. हवा काढल्यावर वातावरण ५५ सेंटिमीटरच्या त्या चौकोनावर तीन टनांहून जास्त भार टाकते. तो भार लादी स्वतः पेलते. ताणात काचेहून कितीतरी नाजूक असलेला हा पदार्थ दाबाखाली, सगळीकडून सारखा आधार असेल तर, टिकतो.

मग अडचण कुठे? कडेला.

ढिली असली तरी ही निर्वात पोकळी आहे आणि ती दोन-तीन दशके टिकायला हवी. वायू आणि पाण्याची वाफ रोखायला धातू किंवा काच लागते; नुसते प्लास्टिक किंवा रबर ते काम करत नाही. धातू आणि काच दोन्ही उष्णता वाहून नेतात. नेहमीच्या दुहेरी काचेत कडेला ॲल्युमिनियमची पट्टी असते आणि तिच्या कडेने होणारी गळती दर मीटरला ०.०८ वॅट प्रति केल्विन किंवा त्याहून जास्त असू शकते. डीटीयूच्या तावदानाला ती लावली असती तर काय झाले असते? परीघ २.२ मीटर, कडेची गळती ०.१७६ वॅट प्रति केल्विन. मधल्या सगळ्या भागाची गळती, ०.६६ गुणिले ०.३ चौरस मीटर, म्हणजे ०.२०. अख्ख्या एरोजेलमधून जेवढी उष्णता जाते जवळपास तेवढीच नुसत्या कडेने निसटली असती आणि ०.६६ चे प्रत्यक्षात १.२ झाले असते. एवढे तर साध्या लेपवाल्या दुहेरी काचेच्या शेजारी जाऊन बसते.

मधला भाग जितका चांगला, तितकी कड महाग पडते. म्हणून या प्रकल्पांतले मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे काम लादीचे नाही, कडेचे आहे. निर्वात उष्णतारोधक पॅनेलांसाठी बनवलेली बहुस्तरीय प्लास्टिकची फॉइल त्यांनी वापरली. तिच्यातले धातूचे थर इतके पातळ असतात की वायू अडतो आणि उष्णतेला वाट जवळपास मिळत नाही. जोडणीची आणि हवा उपसण्याची खात्रीलायक पद्धतही बसवली. तावदान चालले. पण मऊ फॉइलची कड कारखान्यातून बांधकामावर नेताना, चौकटीत ठोकताना, पंचवीस हिवाळे सोसताना कशी टिकेल, हा प्रश्न प्रयोगशाळेच्या बाहेरचा आहे. काचेचा व्यापार हमीवर चालतो, आणि अशा कडेवर लांब मुदतीची हमी लिहून देणे कोणत्याही उत्पादकाला जड गेले असते.

डोळ्यांचा आक्षेप

कड कदाचित सुटली असती. दुसरा अडथळा जास्त चिवट होता.

एरोजेलचा सांगाडा काही नॅनोमीटरच्या कणांचा आणि त्यांच्या झुबक्यांचा. तो प्रकाश विखुरतो, आणि लहान तरंगलांबीचा जास्त: तरंगलांबी निम्मी केली तर विखुरणे सोळा पट. म्हणून गडद पार्श्वभूमीवर लादी निळसर दिसते आणि तिच्यातून उजेडाकडे पाहिले तर पिवळट. आकाश निळे आणि मावळता सूर्य तांबूस दिसतो तो याच नियमाने.

हिलिटमध्ये यावर बरेच काम झाले. लोह कमी असलेली काच घेतली, तिच्यावर परावर्तन कमी करणारा संस्कार केला. सुकवलेली लादी पुन्हा तापवली. त्याने आत अडकलेले सेंद्रिय अवशेष आणि पाणी निघून गेले आणि पारगमन आणखी काही टक्के वाढले. ७६ टक्क्यांचा आकडा त्यातूनच आला. पण एकूण किती ऊर्जा आत आली, हे तो सांगतो. ती सरळ आली की विखरून आली, हे सांगत नाही. घर तापवायला दोन्ही सारखीच. बाहेर पाहणाऱ्याला नाही.

ढगाळ दिवशी किंवा उत्तरेच्या खिडकीत ही काच साध्या काचेसारखी वाटू शकते. उन्हाचा झोत तिरपा पडला की मात्र लादी स्वतःच उजळते आणि बाहेरचे दृश्य दुधाळ पडद्याआड जाते. माणूस खिडकीजवळ सर्वांत जास्त जातो तो ऊन पडल्यावर, आणि ऊर्जेचा फायदाही सर्वांत जास्त तेव्हाच. जिथे हिशेब उत्तम, तिथेच दृश्य वाईट. उत्तरेच्या खिडकीचा तो सुंदर ताळेबंद म्हणूनच मला केवळ कागदावरची करामत वाटत नाही. या काचेची जागा तिथेच होती. पण ‘फक्त उत्तरेकडे बसवा’ म्हणून खिडकी विकणे कठीण.

प्रकल्पाने स्वतःला लावलेली मोजपट्टी मधल्या भागाचे यू-मूल्य आणि सौर पारगमन, अशी होती. एरोजेल ज्यात निपुण आहे तेच ती मोजत होती. कडेसकटचे यू-मूल्य आणि उन्हातला दुधाळपणा हे पहिल्या पानावरचे आकडे असते तर कामाचा क्रम बदलला असता, असे मला वाटते: आधी कड आणि कणांचा आकार, मग जाडी. संशोधकांना हे दिसत नव्हते असे अजिबात नाही, त्यांच्या कामात दोन्ही विषय आहेत. पण निधी देणारा आणि बातमी छापणारा ०.६६ पाहतो.

दरम्यान लेपवाली तिहेरी काच स्वस्त होत गेली. तिला नवा कारखाना लागत नव्हता, तिची कड सगळ्यांना ठाऊक होती आणि तिच्यातून झाड झाडासारखे दिसत होते. घर तापवण्याची ऊर्जा ती थोडी जास्त खाते, हे खरे. घरमालकाने तेवढे सोसले.

मग एरोजेल गेले कुठे

दाण्यांच्या रूपात ते खिडक्यांच्या शेजारी स्थिरावले. कॅबॉट कंपनीचे एरोजेलचे दाणे पॉलिकार्बोनेटच्या पोकळ पत्र्यांत किंवा दोन काचांमध्ये भरतात. ते सामान्य दाबाखाली सुकवता येतात, कारण आधी छिद्रांच्या भिंतींवर पाण्याला न धरणारे रासायनिक गट चिकटवले, की आक्रसलेला सांगाडा पुन्हा फुलतो. दाण्यांतून आरपार दिसत नाही. छतातला उजेडाचा झरोका, कारखान्याची वरची भिंत, क्रीडागृह: इथे उजेड हवा असतो, दृश्य नको असते, आणि विखुरलेला प्रकाश तर उलट सोयीचा. खिडकीत जो दोष होता त्याचेच इथे पैसे मिळतात.

अखंड लादीचा प्रयत्नही थांबलेला नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत सौर-औष्णिक उपकरणांसाठी कण लहान आणि एकसारखे ठेवून फार स्वच्छ एरोजेल बनवले गेले, आणि त्या कामातून निघालेली एरोशील्ड ही कंपनी पातळ लादी नेहमीच्या सीलबंद दुहेरी काचेच्या आत बसवू पाहते. निर्वात पोकळी नाही, म्हणून फॉइलची कडही नाही. हिशेब करून पाहा: लेप आणि आर्गॉन असलेल्या दुहेरी काचेचे यू-मूल्य १.१, म्हणजे रोध ०.९१. वायूची फट तशीच ठेवून आत ५ मिलिमीटर एरोजेल घातले, वाहकता ०.०१५ धरली, तर रोधात ०.३३ ची भर. यू-मूल्य ०.८. हिलिटच्या आकड्याइतके हे चांगले नाही, पण कड जुनीच राहते, वजन जवळजवळ वाढत नाही, आणि लादी तिप्पट पातळ असल्याने धूसरपणाही त्याच प्रमाणात कमी होतो. सुकवण्याचा वेळ, वर्गाच्या नियमाने, नवव्या हिश्शावर येतो.

अशा काचेचा नमुना कोणी दाखवायला आणला तर तो टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवून पाहू नये. तिथे सगळेच एरोजेल स्वच्छ दिसते. मागे काळे कापड धरावे, बाजूने तिरपे ऊन पडू द्यावे आणि मग त्यातून पलीकडचे छापील अक्षर वाचून पाहावे. आणि यू-मूल्य विचारताना ते कडेसकट सांगायला लावावे.